सिकंदर : स्वभाव व श्रद्धा

कोशाच्या कचेरीत त्यांना सगळे कात्रीमास्तर म्हणत. तोंडावर नुसतं मास्तर, पाठ वळली की कात्री. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथंच सुखात होतं. कुणी लिहिलेली नोंद त्यांच्या टेबलावरून निम्मी होऊन परत गेली नाही, असा दिवस कचेरीने पाहिला नव्हता. ‘महान’, ‘थोर’, ‘अत्यंत’ असले शब्द दिसले की मास्तरांच्या अंगावर काटा यायचा. ‘कदाचित’ दिसला तर विचारूच नका. “कोशाला ठाऊक असतं किंवा ठाऊक नसतं, कदाचित काय कदाचित?” असं ते म्हणायचे. म्हणायचे म्हणजे लिहायचे, कारण त्या कचेरीत बोलायला बंदी होती.

ही बंदी काय भानगड होती ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काहीच लागायचं नाही. हा कोश काढला तो एका थोरल्या संपादकांनी. जगातल्या प्रत्येक गोष्टीची माहिती अकारविल्हे लावायची, ती एकवीस खंडांत छापायची, आणि कुठल्याही नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव द्यायचं नाही, हा त्यांचा संकल्प. आता विद्वान एका खोलीत बसवले की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी अशी भांडणं झाली, अशी झाली, की ‘अ’ संपायला अडीच वर्षं लागली. तेव्हा थोरल्यांनी फतवाच काढला. कुणी कुणाशी नोंदीबद्दल तोंडाने बोलायचं नाही. शंका असेल ती पिवळ्या चिठ्ठीवर लिहायची, एकदा घडी घालायची, कागदाला टाचायची आणि समोरच्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. ज्याची चिठ्ठी त्याने ती उघडून वाचायची, कोपऱ्यात लाल खूण करायची आणि मागच्या बाजूला उत्तर लिहायचं. थोरले गेले, त्यांच्यानंतरचे दोन संपादक गेले, पण चिठ्ठ्या चालूच राहिल्या. बाहेरच्या माणसाला वाटावं, मुक्यांची कचेरी आहे. तिथल्या लोकांना मात्र इतकी सवय होती की घरी बायकोलासुद्धा चिठ्ठी लिहून मीठ मागणारा एकजण होता म्हणे. खरंखोटं देव जाणे.

मास्तरांच्या घरी मीठ मागायला कुणी नव्हतं. लग्न केलं नाही, का केलं नाही ते कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं वय केव्हा निघून गेलं ते त्यांनाही कळलं नाही. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत पुस्तकं, मागच्या खोलीत एक खाट, एक शेगडी आणि खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसायचा. चढणारी उतरणारी माणसं बघत ते संध्याकाळी चहा प्यायचे आणि कोण आज उशिरा आलं, कोण छत्री विसरलं, याची मनात नोंद करायचे. एक थोरली बहीण होती दूरच्या गावात. तिचा महिन्यातून एकदा फोन यायचा. “जेवतोस ना वेळेवर?” “जेवतो.” “बरं मग, ठेवते.” झालं संभाषण. सुट्टीचा दिवस तर त्यांना खायला उठायचा. एकदा शनिवारी दुपारी कचेरी सुटली ती सोमवारी सकाळी उघडेपर्यंत आपण एकही शब्द उच्चारलेला नाही, हे लक्षात आल्यावर मास्तरांनी आरशासमोर उभं राहून खाकरून बघितलं होतं. आवाज जागेवर होता.

असं नेहमीच नव्हतं हो. बारा वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्या टेबलासमोर, हाताच्या अंतरावर, पसारेबुवा बसायचे.

पसारेबुवा हेही टोपणनावच. त्यांच्या टेबलावर कागद, पुस्तकं, सालं, पेनांची टोपणं आणि कालच्या चहाचा कप असा सगळा संसार मांडलेला असायचा. लिखाणही तसंच. त्यांना उंदरावर नोंद लिहायला सांगा, हा माणूस धान्यापासून सुरुवात करून मांजराच्या मानसशास्त्रापर्यंत जायचा. मग ती नोंद कात्रीमास्तरांकडे यायची आणि चार दिवस चिठ्ठ्यांचा पाऊस पडायचा. “उंदराला दुःख होतं हे तुला कुणी सांगितलं?” “उंदराने.” “पुरावा जोड.” “पुरावा बिळात पळाला.” एकोणीस वर्षं हे असं चाललं. कामाच्या वेळात चिठ्ठीवर भांडायचं, दुपारी जिन्याखालच्या बाकावर डबा खाताना तेच भांडण तोंडाने करायचं, आणि संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत जाऊन, “चल रे, उद्या बघतो तुला,” म्हणून दोन रस्त्यांना लागायचं. मास्तरांच्या आयुष्यात गप्पा म्हणून ज्या काही झाल्या त्या एवढ्याच. पण त्या पुरत होत्या.

मग ‘स’ आला आणि ‘स’मध्ये सिकंदर आला.

युद्धं, तारखा, नकाशे यांवर वाद नव्हता. प्रत्येक मोठ्या माणसाच्या नोंदीत शेवटी एक परिच्छेद असायचा, त्याचा मथळा ठरलेला : ‘स्वभाव व श्रद्धा’. घोडं तिथं पेंड खाऊ लागलं. हा मॅसिडोनियाचा तरुण राजा वाळवंट तुडवत एका देवळापर्यंत गेला, तिथल्या पुजाऱ्याने त्याला देवाचा मुलगा म्हणून हाक मारली, आणि तेव्हापासून तो स्वतःला देवपुत्र म्हणवून घेऊ लागला. आता हे त्याला मनापासून वाटत होतं, की लोकांवर वचक बसवायला घेतलेलं सोंग होतं? दोन हजार वर्षं माणसं यावर डोकं फोडत आलीत. पसारेबुवा म्हणाले, मनापासून. मास्तर म्हणाले, सोंग.

मास्तरांकडे पुरावाही फर्मास होता. लढाईत बाण लागून रक्त आलं तेव्हा हाच सिकंदर जवळच्यांना म्हणाला होता, बघा रे, हे रक्तच आहे, देवांच्या अंगात वाहतं ते काही वेगळं असतं. “जो स्वतःच थट्टा करतो त्याची कसली आलीय श्रद्धा?” अशी चिठ्ठी मास्तरांनी टाकली. उत्तर आलं, “अरे, देवळात जाणारी माणसं देवाची थट्टा करत नाहीत की काय? तूच एक करत नाहीस, कारण तू जातच नाहीस.” एका आठवड्यात अकरा चिठ्ठ्या झाल्या. मास्तरांनी पसारेबुवांचा पानभर मजकूर उडवून त्या जागी एक ओळ लिहिली : ‘देवपुत्र असल्याचा दावा हा राजकीय डावपेचाचा भाग होता.’ पसारेबुवांनी ती खोडून आपला मजकूर पुन्हा जोडला. मास्तर कधी कुणावर चिडत नसत, त्या दिवशी चिडले. का चिडले? मला विचाराल तर एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच आपण हरतोय अशी शंका त्यांना आली होती. त्या तिरीमिरीत त्यांनी बारावी चिठ्ठी लिहिली :

‘ज्याला स्वतःच्या घरातल्या माणसाच्या मनात काय चाललंय ते कळलं नाही, त्याने दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्याच्या मनात डोकावू नये.’

यातला डंख कचेरीतल्या कुणालाही कळला असता. पसारेबुवांची बायको महिन्यापूर्वी काही न सांगता भावाकडे निघून गेली होती. पसारेबुवा विचारणाऱ्याला सांगत, “चार दिवसांसाठी गेलीय,” आणि चार दिवसांचे तीस झाले तरी तेच सांगत. मास्तरांना खरं काय ते ठाऊक होतं, कारण पसारेबुवांनी ते फक्त त्यांनाच, जिन्याखाली, डब्यातला घास हातात तसाच ठेवून सांगितलं होतं. “ती का गेली तेच मला कळत नाहीये रे.” मास्तरांनी नेमकं तेच उचललं आणि चिठ्ठीत घातलं. घडी घातली, टाचणी लावली, समोरच्या ट्रेमध्ये ठेवली आणि डोकं दुखतंय म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पसारेबुवा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आठव्या दिवशी टपालाने दोन ओळींचा राजीनामा आला.

आपली चिठ्ठी वाचूनच तो गेला, हे मास्तरांनी मनाशी धरलं, आणि बारा वर्षं कुणाला कारण विचारायची त्यांची छाती झाली नाही. पहिले काही दिवस ते रोज संध्याकाळी त्या कोपऱ्यापर्यंत जायचे, पसारेबुवांच्या रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि आपल्या रस्त्याला लागायचे. जाऊन काय सांगणार? चुकलो म्हणून? कोणत्या तोंडाने? मग महिने गेले, आणि जितके महिने गेले तितकं जाणं अवघड होत गेलं. इतक्या दिवसांनी आलास होय, असं तो म्हणेल. मग वर्षं गेली. तीन वर्षांपूर्वी कचेरीतल्या शिपाईमामांनी सांगितलं की पसारेबुवांची बायको वारली, तेव्हा मास्तरांनी कपडे केले, पायात चपला घातल्या, आणि दारातल्या खुर्चीवर तासभर बसून चपला परत काढल्या. तेव्हासुद्धा गेले नाहीत. लाज वाटली पाहिजे, असं तुम्ही म्हणाल. वाटत होती. तेवढी एकच गोष्ट त्यांना रोज न चुकता वाटत होती.

आता यंदाची गोष्ट. कोशाची सुधारित आवृत्ती निघायची होती. मुख्य संपादकबाई नव्या, वयाने मास्तरांच्या मुलीसारख्या, पण कामाला खमक्या. त्यांची चिठ्ठी आली : ‘मास्तर, सिकंदराच्या नोंदीवर वाचकांची पत्रं आलीत. शेवटचा परिच्छेद फारच तुटक आहे. जुनी फाइल काढून पुन्हा बघाल का? शुक्रवारी मजकूर छापायला जातो.’ दिवस होता मंगळवार.

मास्तरांनी नाइलाजाने लाल खूण केली आणि मागे लिहिलं, ‘बघतो.’

शिपाईमामांनी फाइल आणून ठेवली. बारा वर्षांत तिची दोरी कुणी सोडलेली नव्हती. मास्तरांनी ती आधी सोडलीच नाही. मूळ ग्रंथ काढून बसले, म्हटलं, आपण आपलं नव्याने वाचू. दोन दिवस वाचलं. तरुणपणी जे भराभर वाचून बाजूला टाकलं होतं ते आता म्हातारपणी हळूहळू वाचताना निराळंच लागायला लागलं.

त्यांनी पहिल्यांदा थांबून वाचली ती मेजवानीची हकीकत. दारूच्या भरात सिकंदराने ज्याला भाला मारून ठार केलं तो काही परका नव्हता. सिकंदर ज्या दाईच्या अंगाखांद्यावर वाढला तिचा तो सख्खा भाऊ. नदीकाठच्या लढाईत याच माणसाने त्याचा जीव वाचवला होता. आणि भाला का मारला, तर तो तोंडावर खरं बोलला म्हणून. नंतर हा राजा तीन दिवस तंबूत पडून राहिला, अन्न नाही, पाणी नाही. शेवटी एका विद्वानाने येऊन समजावलं की राजा जे करतो ते न्याय्यच असतं, तेव्हा कुठे उठला. मास्तरांना वाटलं, त्या विद्वानाला धरून बदडला पाहिजे. मास्तरांचंही कचेरीतल्या लोकांनी असंच समाधान केलं होतं, तेव्हा, बारा वर्षांपूर्वी. “तुमचं बरोबरच होतं मास्तर. नोंद तुमचीच छापली ना?” आणि मास्तर उठून कामाला लागले होते.

दुसरी गोष्ट त्यांना गुरुवारी सकाळी सापडली. सिकंदराचा सर्वांत जिवलग मित्र तापाने गेला. राजाने घोड्यांची आयाळ कापायला लावली, उपचार करणाऱ्या वैद्याला मारलं, काय काय केलं. आणि मग वाळवंटातल्या त्याच देवळाकडे माणसं धाडली, विचारायला, की माझ्या मित्राला देव म्हणून पुजू का? उत्तर यायला कित्येक महिने लागले. उत्तर आलं, देव म्हणून नको, वीर म्हणून पूजा. आणि अर्ध्या जगाच्या या मालकाने, ज्याला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती, ते मुकाट्याने मान्य केलं.

मास्तर वाचता वाचता थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सोंग करणारा माणूस विचारायला कशाला जाईल? स्वतःच जाहीर करून मोकळा होईल. आणि हवं त्यापेक्षा कमी पदरात पडलं तर गप्प बसेल का तो? जो विचारतो, वाट बघतो आणि मनासारखं उत्तर आलं नाही तरी ऐकतो, त्याचा विश्वास खरा असतो. देवावर असो, नाहीतर आणखी कशावर. थट्टा करत असेल तो रक्ताची. पण ज्याच्यावर सगळा जीव होता तो माणूस गेल्यावर त्याला दुसरं कुणी विचारायला उरलं नव्हतं, तेव्हा तो त्या देवाकडे गेला.

आपण तोंडघशी पडलोय हे मास्तरांना कळलं, आणि गंमत म्हणजे त्यांना बरं वाटलं.

मग त्यांनी दोरी सोडली. पसारेबुवांचा उडवलेला मजकूर वरच होता. त्यात हीच गोष्ट होती. देवळाकडे धाडलेली माणसं, महिन्यांची वाट, कमी आलेलं उत्तर, सगळं तपशिलाने, त्यांच्या त्या ऐसपैस अक्षरात. शेवटी लिहिलं होतं, ‘हा माणूस कदाचित आयुष्यभर फार एकटा होता.’ ‘कदाचित’वर मास्तरांच्याच कात्रीची जाड रेघ. बाकीचं तेव्हा त्यांनी धड वाचलंही नव्हतं. रेघ मारायच्या घाईत होते.

मजकुराला चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या, एकाखाली एक. मास्तर उलटत गेले. प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल खूण, मागे उत्तर. अकरावी झाली. बारावी आली. घडी तशीच होती. कोपरा कोरा. त्यांनी घडी उघडली. आत खूण नाही, पाठीमागे एक अक्षर नाही. टाचणीचा गंज घडीच्या दोन्ही पदरांतून आरपार उमटला होता. बारा वर्षांत ती घडी कुणी मोडलेलीच नव्हती.

मास्तर उठून शिपाईमामांकडे गेले आणि कचेरीचा नियम मोडून तोंडाने विचारलं, “मामा, ते पसारेबुवा गेले त्या दिवशी तुम्ही होतात ना?”

“होतो की. तुम्ही डोकं दुखतंय म्हणून गेलात, आणि तासाभराने त्यांना फोन आला. बायको आजारी पडलीय, ताबडतोब या म्हणून. जेवायचा डबा उघडा टाकून गेले बघा. ट्रेमधले कागद मीच उचलून फाइलला लावले.”

सुटलो! मास्तरांच्या मनात पहिल्यांदा हेच आलं, खोटं कशाला बोला. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. त्याने वाचलीच नाही. त्याला लागलंच नाही. आपल्यामुळे तो गेलाच नाही. जागेवर येऊन बसेपर्यंत हा आनंद टिकला. बसल्यावर समोरचं रिकामं टेबल दिसलं. मग आपण बारा वर्षं गेलो का नाही?

पसारेबुवांचा मजकूर जसाच्या तसा परत घ्यावा, असं मास्तरांनी संपादकबाईंना कळवलं, तेव्हा कोशाचा आणखी एक नियम आडवा आला, किंवा मदतीला आला म्हणा. कुणाचा उडवलेला मजकूर पुन्हा घ्यायचा असेल आणि तो लिहिणारा हयात असेल, तर त्याची संमतीची सही लागते. संपादकबाईंनी लिहिलं, ‘टपालाने पाठवायला वेळ नाही. शिपाईमामांना धाडू का?’ मास्तरांनी चिठ्ठीच्या मागे लिहिलं, ‘मी जातो.’ लिहून झाल्यावर ते कितीतरी वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसले.

चिठ्ठीचं काय करायचं, हा प्रश्न त्यांना रस्ताभर खात होता. ती त्यांनी फाइलमध्येच ठेवली होती. पण कागद नसला म्हणून काय झालं? वाक्य तोंडपाठ होतं. आता ते सांगणं म्हणजे बारा वर्षांपूर्वी हुकलेला भाला आज हाताने नेऊन खुपसणं. आणि न सांगणं सोपं होतं, फारच सोपं. त्याला ठाऊकच नाही. गेलं, सही घेतली, चहा घेतला, जमलं तर पुन्हा जिन्याखाली बसल्यासारखं बसता येईल. म्हातारपणी एवढं तरी. मास्तरांनी कोपरा ओलांडला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या रस्त्याला लागले.

दार पसारेबुवांनीच उघडलं. अंगाने निम्मे झाले होते. क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, “अरे! कात्री! ये ये. चपला काढ तिथंच.”

खोली बघून मास्तर चकितच झाले. कुठे कागदाचा कपटा नव्हता. भिंतीशी एक उंच खाट होती, दवाखान्यात असते तसली, चादर ताणून घातलेली. टेबलावर एक पेला, एक पुस्तक, एक चष्मा, सगळं ओळीत.

“बघतोस काय? नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असलं की पसारा जातो,” पसारेबुवा म्हणाले. “औषधाची बाटली अंधारातसुद्धा हाताला लागावी लागते. बस. चहा टाकतो. साखर दोन ना?”

“दोन.”

चहा झाला. पसारेबुवांनी संमतीचा कागद वाचला, मग आपलाच जुना मजकूर वाचला, आणि मोठ्याने हसले. “‘कदाचित’सकट घेतोयस? बरा आहेस ना?”

“तुझं बरोबर होतं. देवळाकडे धाडलेल्या माणसांचं. मी तेव्हा वाचलंच नव्हतं नीट.”

“मला तरी कुठे नीट कळलं होतं तेव्हा? मी आपलं पुस्तकातून उचलून लिहिलं होतं. कळलं ते नंतर. ही शेवटी शेवटी बोलायची थांबली ना, तेव्हा मी पण कुणाकुणाला विचारत सुटलो होतो. डॉक्टरांना, देवाला, त्या खिडकीला. काय उत्तर येतं याच्याशी कर्तव्य नव्हतं. विचारायला कुणीतरी असावं, बस.” पसारेबुवांनी सही केली, तारीख घातली आणि कागद मास्तरांच्या हातात दिला. मग अगदी सहज, साखर कमी पडली का विचारावं तसं विचारलं, “एवढी वर्षं आला का नाहीस रे?”

मास्तरांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. काम होतं. तब्येत बरी नव्हती. तू कळवलं नाहीस. तिन्ही उत्तरं पसारेबुवांनी मानली असती, ते तसेच होते. मास्तरांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

“मी तुला एक चिठ्ठी लिहिली होती,” ते म्हणाले. “शेवटची. तू वाचली नाहीस. मला वाटलं, वाचलीस आणि म्हणून गेलास.”

“काय होतं तिच्यात?”

मास्तरांनी वाक्य म्हटलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, काही न गाळता. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं कापणाऱ्या माणसाला स्वतःचं एक वाक्य कापता आलं नाही, कापायचं नव्हतंच. बोलताना त्यांना आपला आवाज कुणा परक्याचा वाटत होता.

पसारेबुवांनी रिकामा कप बाजूला सरकवला. खाटेकडे बघत बसले. खालच्या रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, ती हाक दोनदा आली आणि थांबली. मास्तरांना वाटलं, आता हा उठेल आणि दार दाखवेल. त्यांनी चपलांकडे बघून ठेवलं.

“खरंच होतं ते,” पसारेबुवा शेवटी म्हणाले. “तिला छातीत गाठ लागली होती. मला ते सांगायचा तिला धीर होईना म्हणून भावाकडे गेली. महिनाभर. आणि मी आपला सिकंदराच्या मनात काय होतं ते लिहीत बसलो होतो.” मग त्यांनी मान वळवली. “पण कात्री, ती चिठ्ठी मी त्या दिवशी वाचायला हवी होती रे. तुझ्या घरी येऊन तुझी गचांडी धरली असती मी. दोन शिव्या दिल्या असत्या, तू दोन दिल्या असत्यास. आणि मग संध्याकाळच्या गाडीने तिला आणायला तू माझ्याबरोबर आला असतास.”

मास्तरांनी मान हलवली. आले असते. नक्की आले असते.

“एकटाच गेलो रे मी. आणि तिला नेलं त्या दिवशीसुद्धा मी एकदा दाराकडे बघितलं होतं.”

मास्तरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. “चुकलो,” ते म्हणाले. “फार चुकलो.”

“हो,” पसारेबुवा म्हणाले. “चुकलास.”

त्यांनी दोन्ही कप उचलले, आत नेले आणि धुवून पालथे घातले. बाहेर आले तेव्हा मास्तर अजून तिथेच बसले होते, हातात सही केलेला कागद धरून, आणि जावं की थांबावं हे कुणाला विचारावं ते त्यांना कळत नव्हतं.